४० सेंटिमीटरची माती, ६ मीटरचे पोलाद: उघड्यावरचे शिल्प संगणकावर रचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पीळ घेत वर जाणाऱ्या कापडासारखी ४० सेंटिमीटर उंचीची मातीची प्रतिकृती तुम्ही केलीत, ती निवडली गेली, आणि आता तीच एका सार्वजनिक उद्यानातल्या चौकात स्टेनलेस स्टीलमध्ये ६ मीटर उंच उभी करायची आहे. त्रिमितीय मॉडेल तुम्ही आजवर केलेले नाही. कोणते सॉफ्टवेअर शिकावे, मॉडेल किती बारकाईने करावे आणि इंजिनिअरला व फॅब्रिकेटरला (पत्रे कापून, वळवून, जोडून शिल्प घडवणाऱ्या कारखान्याला) नेमके काय द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

सॉफ्टवेअरचे आधी सांगून टाकतो, कारण त्याच्या निवडीत लोक महिनोन्‌महिने घालवतात. मातीसारखा दाबत, ओढत आकार घडवायचा असेल तर झीब्रश किंवा ब्लेंडर. मोजून-मापून पृष्ठभाग बांधायचा आणि पुढे पत्र्यात उलगडायचा असेल तर राइनो, आणि सोबत त्यातलेच ग्रासहॉपर, म्हणजे नियम व आकडे देऊन आकार घडवण्याचे साधन. तुम्हाला मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे लागेल, पहिल्यातले थोडेसे. फॅब्रिकेटर ठरला असेल तर त्याच्याकडे कोणत्या फाइल उघडतात ते विचारा आणि त्या बाजूने शिकायला सुरुवात करा.

खरी अडचण वेगळी आहे. पडद्यावरच्या शिल्पाला वजन नसते, पत्र्याची जाडी नसते, त्याच्या पायाखाली जमीन नसते आणि त्याच्याभोवती कोणी चालत नसते. या चारही गोष्टी मॉडेलमध्ये मुद्दाम आणाव्या लागतात. ज्यांनी त्या आणल्या नाहीत त्यांची चित्रे सुंदर झाली आणि शिल्पे कारखान्यात अडकली, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

फाइलमध्ये आधी जमीन

मी नवी फाइल उघडतो तेव्हा तिच्यात शिल्प सर्वांत शेवटी येते. आधी जागेचा सर्व्हे येतो: जमिनीच्या पातळ्या, उतार, झाडे, दिव्यांचे खांब, बाकडी, रस्ते, आणि जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या वाहिन्या व केबली. झाड आजच्या आकाराचे काढू नका. ते २० वर्षांनी केवढे होईल तेवढे काढा. शिल्प तोवर तिथेच असणार आहे. उत्तर दिशा आणि जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये बसवा, म्हणजे पडद्यावरचा सूर्य खऱ्या सूर्यासारखा फिरेल.

मग माणसे ठेवा. कॅमेरा १.५ मीटर उंचीवर लावा, एक १ मीटरवर लहान मुलासाठी आणि एक साधारण १.२ मीटरवर चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी. पक्ष्याच्या नजरेने आकार फिरवत राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. पडद्यावर आपण शिल्पाच्या डोक्यावरून खाली पाहतो आणि त्यावरच निर्णय घेतो. त्या जागेवरून ते शिल्प कधीच कोणी पाहणार नाही. कॅमेऱ्याची लेन्सही तपासा. रुंद कोनाच्या लेन्सने शिल्प प्रत्यक्षापेक्षा उंच आणि नाट्यमय दिसते. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स धरा, म्हणजे फसवणूक कमी होते.

अंतराचा एक जुना अंदाज उपयोगी पडतो. शिल्पाच्या उंचीइतक्या अंतरावर उभे राहिले की तपशील दिसतो, पण मान वर करावी लागते. दुप्पट अंतरावर संपूर्ण आकार एका नजरेत बसतो. तिप्पट अंतरावर तो परिसरासकट दिसतो. तुमच्यासाठी हे आकडे ६, १२ आणि १८ मीटर. चौकातला मुख्य रस्ता शिल्पापासून ७ मीटरवरून जात असेल, तर बहुतेक लोकांना तुमचा पीळ संपूर्ण दिसणारच नाही. त्यांना खालचे दोन मीटर जवळून आणि वरचे चार मीटर तिरपे, आखडलेले दिसतील. अशा वेळी वरचा भाग थोडा लांबवावा लागतो. मी साधारणपणे वरच्या तिसऱ्या हिश्शाला ५ ते १० टक्के ताण देऊन पाहतो आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातूनच ठरवतो. समोरून काढलेल्या सरळ नकाशात तो भाग मग बेढब दिसतो. दिसू द्या.

आणि एवढे सगळे करूनही एकदा जागेवर ६ मीटरची काठी उभी करून पाहा. सकाळी एकदा, दिवस कलताना एकदा. एका कामात मी पडद्यावर आठवडे घालवून जी उंची पक्की केली होती, ती काठी पाहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अर्ध्या मीटरने कमी केली.

अंगठ्याचा ठसा १५ पट मोठा होतो तेव्हा

४० सेंटिमीटर ते ६ मीटर म्हणजे १५ पट. हा आकडा कागदावर लिहून टेबलासमोर लावा, कारण पुढचा प्रत्येक प्रश्न त्यातूनच निघतो.

लांबी १५ पट झाली की पृष्ठभाग २२५ पट होतो आणि घनफळ ३,३७५ पट. तुमची प्रतिकृती ३ किलोची भरीव माती असेल तर त्याच प्रमाणात ती १० टनांची होईल. आधार देणारा छेद मात्र २२५ पटच वाढलेला असतो, म्हणजे स्वतःच्याच वजनाचा ताण १५ पट. हातात धरल्यावर ठाम वाटणारी नाजूक मान मोठ्या आकारात म्हणूनच कच्ची पडते.

हे झाले बळाचे. आकाराचे गणित मला त्याहून महत्त्वाचे वाटते आणि ते फारसे कोणी सांगत नाही. मातीवर तुमच्या अंगठ्याचा २ सेंटिमीटरचा दाब आहे. तो १५ पटीने ३० सेंटिमीटरचा खड्डा होतो. अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा साडेसात मिलिमीटरचा चर होतो. छोट्या प्रतिकृतीत ज्या खुणांमुळे ती जिवंत वाटत होती, त्याच खुणा मोठ्या आकारात एखाद्या राक्षसाच्या हातच्या वाटतात. काही शिल्पकारांना तेच हवे असते आणि तो सच्चा निर्णय आहे. पण तो निर्णय असावा. स्कॅनरने केले म्हणून तसे राहिले, असे होऊ नये. मी दोन थर करतो. एक मूळ आकाराचा, सगळ्या खुणा गुळगुळीत केलेला. दुसरा फक्त खुणांचा. मग प्रत्येक खूण ठेवायची का, आणि ठेवायची तर कोणत्या मापात, हे एकेक करून ठरवतो. कधी १५ पटीऐवजी ४ पटीचीच खूण ठेवली की ती माणसाच्या तळहाताशी जुळते आणि लोक तिथे हात लावतात.

मातीतून संगणकात जाण्याचा मार्ग म्हणजे लेसर स्कॅन किंवा फोटोग्रामेट्री, म्हणजे पुष्कळ फोटोंवरून त्रिमितीय आकार काढणे. तुमच्या आकाराला फोटोग्रामेट्री पुरेल. ढगाळ, सावलीविरहित उजेडात प्रतिकृतीभोवती तीन उंचींवरून १५० च्या आसपास फोटो घ्या, शेजारच्या फोटोंत निदान ६० टक्के भाग सामाईक असू द्या, आणि चौकटीत एक मोजपट्टी नक्की ठेवा, नाहीतर मॉडेलला आकार येईल पण माप येणार नाही. ओली, चकाकणारी माती फोटोत फसवते. सुकू द्या किंवा वर पांढऱ्या पावडरीचा हलका थर द्या. पिळाच्या आतल्या खोबणीत कॅमेरा पोचत नाही. तिथे संगणक भोके बुजवून स्वतःच्या मनाने पृष्ठभाग तयार करतो, आणि तो नेहमी चुकीचा असतो. ते भाग हाताने पुन्हा बांधा.

लहान नमुना स्कॅन करून मोठे काम करण्याची ही वाट चांगली मळलेली आहे. स्कॉटलंडमध्ये फॉल्किर्कजवळ अँडी स्कॉट यांची द केल्पीज ही ३० मीटर उंचीची घोड्यांची दोन मस्तके आहेत. त्यांचे आधी एकदशांश मापाचे नमुने केले आणि ते स्कॅन करून पोलादी सांगाडा व पत्रे यांचे काम पुढे गेले. नमुनाच ३ मीटरचा होता, ही गोष्ट लक्षात घ्या. १० पट वाढीसाठी त्यांनी ३ मीटरचा नमुना घेतला. तुम्ही १५ पट वाढ ४० सेंटिमीटरवरून करत आहात. मध्ये एक १ ते १.२ मीटरचा टप्पा घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. संगणकावरून फोममध्ये कोरून घ्या, त्यावर हाताने काम करा आणि पुन्हा स्कॅन करा. पडद्यावरून सुटलेल्या चुका या टप्प्यावर हाताला लागतात.

पत्रा कुठे वळतो, कुठे वळत नाही

स्कॅनमधून येते ती लाखो त्रिकोणांची जाळी, म्हणजे मेश. ती छापायला किंवा फोममध्ये कोरायला चालते. पत्र्यासाठी ती निरुपयोगी आहे. त्या जाळीवर सलग, गणिती पृष्ठभाग पुन्हा बांधावे लागतात. हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि शिल्पाचा दर्जा इथेच ठरतो. शक्य तितके कमी आणि मोठे तुकडे घ्या, आणि त्यांच्या कडा आकाराच्या स्वाभाविक रेषांवर आणा: पिळाची धार, घडीचा तळ, सावली बदलते ती रेघ. याच कडा पुढे वेल्डिंगच्या शिवणी होणार आहेत.

पृष्ठभाग दोन जातींचे असतात. कागद गुंडाळून जे आकार होतात, नळा, शंकू, पिळलेली पट्टी, ते एकाच दिशेने वळलेले असतात. ते सपाट पत्र्यातून कापून रोलरवर वळवता येतात. चेंडू किंवा खोगीर यांसारखे आकार दोन दिशांनी वळलेले असतात. सपाट पत्र्यातून ते होत नाहीत, पत्रा ठोकून, दाबून, चाकावर ताणून करावे लागतात. राइनोमध्ये वक्रतेचा रंगीत नकाशा काढता येतो. त्यात जिथे दुहेरी वक्रता शून्याजवळ आहे तो भाग सोपा, जिथे रंग गडद आहे तो भाग कारागिराच्या हातातला. हा नकाशा काढून फॅब्रिकेटरसमोर बसा. दुहेरी वक्रतेचा एक तुकडा सोप्या तुकड्याच्या कितीतरी पट वेळ खातो.

इथे तुमच्यासमोर एक खरी निवड येते. आकार थोडा बदलून सगळा पीळ एकेरी वक्रतेच्या पट्ट्यांत बसवायचा, की कठीण जागा कठीणच ठेवायच्या? माझे मत: ८० टक्के पृष्ठभाग पट्ट्यांत आणा आणि जिथे नजर थांबते त्या दोन-तीन जागी तडजोड करू नका. तुमच्या मूळ कल्पनेत कापड आहे, आणि कापडाच्या घड्या बहुतेक ठिकाणी एकेरीच वळतात. त्यामुळे पत्र्याच्या शिस्तीत गेल्यावर तुमचे शिल्प अधिक कापडासारखे होण्याची शक्यता आहे.

संगणक आणि बांधकाम यांची गाठ पडण्यात एका शिल्पाचाच मोठा वाटा आहे. बार्सिलोनाच्या समुद्रकिनारी १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी सुमारे ५६ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच मासा केला. त्याची वक्रता साध्या नकाशांत मांडता येईना, तेव्हा त्यांच्या कार्यालयाने विमाने रचण्यासाठी तयार झालेले कातिया हे सॉफ्टवेअर वापरले. एकाच मॉडेलमधून प्रत्येक तुकड्याचे माप काढण्याची ती सुरुवात होती. आज तुम्ही लॅपटॉपवर करणार आहात ते हेच.

जाडी विसरू नका. मॉडेलमधला पृष्ठभाग कागदाहूनही पातळ, शून्य जाडीचा असतो; पत्रा ३ किंवा ४ मिलिमीटरचा. मॉडेलची रेघ म्हणजे पत्र्याची बाहेरची बाजू, आतली की मधली, हे पहिल्याच पानावर लिहा. वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून उलगडलेल्या मापात दुरुस्ती लागते. ती फॅब्रिकेटरच्या यंत्रावर अवलंबून असते. ती त्याला करू द्या, तुम्ही कोणती बाजू धरली आहे तेवढे निःसंदिग्ध सांगा.

वजन, वारा आणि पाया

जाडी ठरली की वजन मोजता येते. समजा तुमचा पृष्ठभाग २५ चौरस मीटर भरला आणि पत्रा ३ मिलिमीटरचा आहे. स्टेनलेस स्टील घनमीटरला साधारण ८,००० किलो, म्हणजे नुसती कातडी ६०० किलो. आतला सांगाडा, बरगड्या, तळपट्टी धरून दीड टन समजा. संगणक गुरुत्वमध्यही दाखवतो. तो बिंदू मॉडेलमध्ये लाल ठिपका करून कायम दिसत ठेवा. तुमचा पीळ एका बाजूला झुकलेला असेल तर तो ठिपका तळाच्या बाहेर गेला की नाही, हे आकार बदलताना क्षणोक्षणी कळले पाहिजे.

वजनापेक्षा वारा मोठा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरचा वारा धरला तर १,५०० न्यूटन, सोप्या भाषेत चौरस मीटरवर दीडशे किलो. वाऱ्यासमोर येणारे क्षेत्र ८ चौरस मीटर आणि आकाराचा गुणक १.३ धरला तर बाजूने सुमारे १५.६ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या वर ढकल. ती जमिनीपासून साडेतीन मीटरवर लागते. तुमचे दीड टनाचे शिल्प स्वतःच्या वजनावर तिच्यासमोर टिकणार नाही. अडीच मीटर लांब, तितकाच रुंद आणि एक मीटर खोल काँक्रीटचा पाया धरला तर तो १५ टन भरतो आणि उलटण्याविरुद्ध साधारण पावणेतीन-तीन पट सुरक्षा देतो. म्हणजे जमिनीखाली शिल्पाच्या दहापट वजन. हे गणित तुम्हाला अंदाज यावा म्हणून केले. खरा वाऱ्याचा वेग त्या जागेच्या मानकातून आणि खरा पाया मातीच्या तपासणीनंतर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल. पण हा अंदाज तुमच्याकडे पहिल्या महिन्यात असला पाहिजे, कारण त्या अडीच मीटरच्या चौकोनाखालून पाण्याची वाहिनी जात असेल तर शिल्पाची जागाच हलवावी लागेल.

इंग्लंडमध्ये गेट्सहेड इथे अँटनी गॉर्मली यांचा एंजल ऑफ द नॉर्थ १९९८ पासून उभा आहे: २० मीटर उंच, पंखांचा पसारा ५४ मीटर, वजन २०० टन. माळावर उघडा, वाऱ्याच्या थेट तोंडाशी. त्याच्या पायात ६०० टन काँक्रीट आहे आणि तो सुमारे २१ मीटर खाली कातळाला जखडलेला आहे. शरीरावरच्या उभ्या बरगड्या पाहणाऱ्याला कलात्मक वाटतात आणि त्या आहेतच. पण पंखांवरचा वारा पायापर्यंत नेणारा सांगाडाही त्याच आहेत. सांगाडा बाहेर आणल्यामुळे आत काही लपवावे लागले नाही. तुमच्या शिल्पातही काही बरगड्या बाहेर दिसल्या तर चालतील का, हा प्रश्न इंजिनिअरच्या पहिल्या भेटीआधी स्वतःला विचारा.

वाऱ्याचा दुसरा, अधिक धूर्त स्वभाव म्हणजे लय. गोल, सडपातळ टोकावरून वारा जाताना मागे आलटूनपालटून भोवरे सुटतात. भोवऱ्यांची लय टोकाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की टोक डोलू लागते. ज्या वाऱ्यात हे घडते तो वेग म्हणजे टोकाची कंपनसंख्या गुणिले व्यास, भागिले साधारण ०.२. टोकाचा व्यास २० सेंटिमीटर आणि ते सेकंदाला ५ वेळा कंप पावत असेल तर उत्तर येते सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर. म्हणजे संकटाचा वारा वादळातला नाही, रोज संध्याकाळी सुटणारा आहे. लाखो वेळा थोडेथोडे वाकून वेल्डला चीर जाते. म्हणून इंजिनिअरला 'वारा सोसेल का' एवढेच विचारू नका. 'टोकाची कंपनसंख्या किती आणि ती कोणत्या वाऱ्याला जुळते' हेही विचारा. उपाय असतात: टोक निमुळते करणे, आतून ताठ करणे, पोकळीत कंप शोषणारा भार सोडणे. पण ते आकारात आधी धरावे लागतात.

मँचेस्टरमध्ये थॉमस हेदरविक यांचे बी ऑफ द बँग हे १८० पोलादी सुळ्यांचे, ५६ मीटर उंचीचे शिल्प २००५ साली उभे राहिले. उद्घाटनाच्या काही दिवस आधीच एका सुळ्याचे टोक खाली पडले. पुढेही सुळे सैल होत राहिले आणि २००९ मध्ये ते शिल्प उतरवले गेले. ते मला फार आवडायचे. त्याची झेप खरी होती, आणि म्हणूनच ते गेल्याचे आजही वाईट वाटते.

ऊन

चकचकीत स्टेनलेस निवडणार असाल तर मॉडेलमधला सूर्य आता कामाला येतो. आत वळलेला आरशासारखा पृष्ठभाग सूर्यकिरण एका जागी गोळा करतो, वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर. तुमच्या पिळातली एखादी खोबण ८ मीटर त्रिज्येची असेल तर तो तापलेला ठिपका ४ मीटरवर पडेल, कदाचित बाकड्यावर. लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिझ्नी कॉन्सर्ट हॉलचे काही चकचकीत पत्रे याच कारणाने २००५ मध्ये घासून मंद करावे लागले. लंडनमध्ये २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या आत वळलेल्या काचेने २०१३ मध्ये खाली उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळले. २१ मार्च, २१ जून आणि २१ डिसेंबर या तीन दिवसांचे, दर तासाचे परावर्तित किरण मॉडेलमध्ये सोडून पाहा. ठिपका रस्त्यावर, बाकावर किंवा वाहनचालकाच्या डोळ्यांवर येत असेल तर तेवढा भाग मंद घासलेला ठेवा. घासलेल्या आणि चकचकीत भागांची सीमारेषा आकाराला धरून आखली तर शिल्पाची शोभा वाढतेच.

ऊन पत्र्याला लांबवतेही. स्टेनलेस स्टीलचा १० मीटरचा तुकडा ५० अंशांच्या फरकाने साधारण ८ मिलिमीटर वाढतो, साधे पोलाद ६ मिलिमीटर. कातडी उन्हात तापते, आतला सांगाडा सावलीत राहतो. दोघांना घट्ट जखडले तर पत्रा फुगून लाटा दिसतात. शिकागोतले अनिश कपूर यांचे क्लाउड गेट हे आरशासारखे शिल्प १६८ पत्र्यांचे आहे, जोड पूर्ण घासून नाहीसे केलेले. तिथे कातडी आतल्या सांगाड्याला लवचीक जोडांनी धरलेली आहे, म्हणजे ती आपल्यापुरती प्रसरण पावू शकते. तुमच्या मापातही हे तत्त्व लागू आहे: बरगडीला लंबगोल भोके, मध्ये रबरी किंवा नायलॉनची चकती. आतला सांगाडा साध्या पोलादाचा असेल तर ती चकती दुहेरी काम करते, कारण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की साधे पोलाद झपाट्याने गंजते. समुद्र जवळ असेल तर नेहमीच्या ३०४ ऐवजी खारी हवा जास्त सोसणारे ३१६ प्रतीचे स्टेनलेस घ्या.

पाणी आणि मुले

पाण्यासाठी मॉडेलमध्ये प्रत्येक उंच जागेवरून थेंब सोडल्याची कल्पना करा आणि उताराची रेघ काढत जा. ग्रासहॉपरमध्ये हे आपोआपही करता येते. जिथे रेघ अडकते तिथे तळे साचणार. तिथे भोक हवे किंवा उतार. बंद पोकळीलाही सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याचे भोक द्या, कारण आत हवेतला ओलावा साचतोच. सांगाड्यावर गरम जस्ताचा मुलामा देणार असाल तर बंद नळ्यांना वाट ठेवणे हा जिवाचा प्रश्न आहे. वितळलेल्या जस्तात बुडवताना आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन नळी फुटते.

मुले चढणार. चढू नये असा फलक लावून ती थांबत नाहीत, आणि त्यांनी चढावेसे वाटणे ही शिल्पाला मिळालेली दाद आहे. खालच्या दोन मीटरांत पाय ठेवायला आधार आहे का ते मॉडेलमध्ये एका लहान मुलाची आकृती फिरवून पाहा. चढू द्यायचे तर पडण्याची जागा मऊ करा. नसेल द्यायचे तर त्या पट्ट्यातला उतार इतका ताठ ठेवा की पाय ठरणार नाही. अधलेमधले ठेवू नका. खेळाच्या साहित्याच्या मानकांत ८९ ते २३० मिलिमीटरच्या फटी धोक्याच्या मानतात, कारण शरीर आत जाते आणि डोके अडकते. बोटांसाठी ८ ते २५ मिलिमीटर. तुमच्या घड्यांमधल्या निमुळत्या फटींवर हे दोन्ही आकडे तपासा. मी तर मॉडेलमध्ये ८९ मिलिमीटरचा एक गोळा करून ठेवतो आणि प्रत्येक फटीत तो घालून पाहतो.

कोणाला काय द्यायचे

इंजिनिअरला शिल्पाची सुंदर चित्रे नको असतात. त्याला मध्यरेषांचे साधे मॉडेल, जाड्या, धातूची प्रत, जागेचा सर्व्हे आणि तुम्ही कुठे बदल मान्य कराल व कुठे नाही याची यादी द्या. ही यादी फार थोडे कलाकार देतात. ती नसली की इंजिनिअर नेमकी तुम्हाला प्रिय असलेली मान जाड करतो, आणि चूक त्याची नसते.

फॅब्रिकेटरला स्टेप फाइल (संपूर्ण त्रिमितीय आकाराची), उलगडलेल्या तुकड्यांच्या डीएक्सएफ फाइल (कापण्याच्या सपाट रेषांच्या), प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व 'वरची बाजू' दाखवणारा बाण, आणि बरगड्यांचे छेद. बरगड्यांवरच शेजारच्या तुकड्यांच्या जागा कोरून घ्या, म्हणजे जुळणी करणाऱ्याला पट्टी लावावी लागत नाही. शिवाय किती मिलिमीटरची चूक चालेल ते भागागणिक लिहा. डोळ्यांच्या उंचीवरच्या शिवणीला १ मिलिमीटर, पाच मीटरवरच्या शिवणीला ३. सगळीकडे एकच कडक आकडा लिहिला की कारागीर तो कुठेच गंभीरपणे घेत नाही. आणि काम सुरू होण्याआधी सर्वांत कठीण एक तुकडा पूर्ण मापात करून मागा. त्या एका तुकड्यावर वेल्डिंगने पत्रा किती ओढला जातो, पॉलिश शिवणीवर कसे दिसते, सगळे कळते.

वाहतुकीचे गणितही मॉडेलमध्येच करा: ट्रेलरवर ठेवलेले शिल्प, वाटेतल्या पुलांची उंची, वळणे, क्रेन उभी राहील ती जागा, आणि उचलण्याच्या कड्या. कड्या गुरुत्वमध्याच्या वर असल्या पाहिजेत, नाहीतर हवेत शिल्प फिरते.

माझी एक चूक सांगतो. पायातल्या बोल्टांची जागा ठरवणारी पत्र्याची चौकट मी एका फाइलवरून कापायला दिली आणि शिल्पाची तळपट्टी दुसऱ्या फाइलवरून. मधल्या काळात तळ १८ मिलिमीटरने सरकवला होता, हे मी विसरलो. काँक्रीट घट्ट झाले, क्रेन आली, शिल्प हवेत लटकले आणि एकही बोल्ट भोकात जाईना. शिल्प परत गेले, तळपट्टी पुन्हा कापावी लागली, आणि तीन आठवडे चौकात फक्त आठ बोल्ट उभे होते. तेव्हापासून माझ्याकडे एकच मूळ फाइल असते, प्रत्येक बाहेर जाणाऱ्या फाइलवर तारीख आणि आवृत्ती क्रमांक असतो, आणि बोल्टांची चौकट मी तळपट्टीवर प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याशिवाय जागेवर पाठवत नाही.

शिल्प उभे राहिल्यावर ते पुन्हा एकदा स्कॅन करून घ्या. वेल्डिंगने ओढले गेलेले, हाताने घासलेले, जागेवर दोन मिलिमीटर कललेले खरे शिल्प मॉडेलपेक्षा वेगळे असते. ते स्कॅन, निचऱ्याच्या भोकांच्या जागा, बोल्ट किती जोराने आवळले तो आकडा, पॉलिशची प्रत आणि वेल्डच्या तारेचा प्रकार, हे सगळे एका फाइलमध्ये घालून उद्यानाची देखभाल करणाऱ्यांच्या हाती द्या. १५ वर्षांनी कोणी एका शिवणीवरची चीर दुरुस्त करायला शिडी लावेल, तेव्हा त्याला हीच फाइल लागेल.